सीझरनंतर नॉर्मल बाळंतपण: या चुका टाळा

पहिलं बाळंतपण माहेरी झालं, सीझर करावं लागलं, आणि दुसऱ्या खेपेला तरी नॉर्मल व्हावं अशी इच्छा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात अशी इच्छा असलेल्या बायका घरोघरी भेटतात. इच्छा रास्तच आहे. आधी एकच सीझर, गर्भपिशवीच्या खालच्या भागात आडवा छेद आणि या खेपेला वेगळी अडचण नाही, अशा बायकांनी नॉर्मलचा प्रयत्न केला तर शंभरात ६० ते ८० जणींचं बाळंतपण खालून होतं. मध्ये किंवा आधी एखादं नॉर्मल झालेलं असेल तर शक्यता आणखी चांगली. पिशवीवरचा जुना टाका कळांमध्ये उसवण्याचा धोका दोनशेत एकीला, फार तर दोघींना. धोका थोडा आहे, पण तो खरा ठरला तर आई आणि बाळ दोघांच्या जिवाशी गाठ असते. म्हणून तयारी नीट हवी, आणि नेमकी तिथेच त्याच त्याच चुका होत राहतात.

ऑपरेशनचा कागद न आणणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि सगळ्यात सहज टाळता येण्यासारखी.

डॉक्टर विचारतात, आधीचं सीझर कशामुळे झालं? उत्तर येतं, ‘पाणी कमी झालं होतं म्हणे.’ छेद कसा होता? तर पोटावरची आडवी रेघ दाखवतात. पोटावरच्या रेघेवरून आतलं काहीही कळत नाही. कातडीवर आडवा छेद असला तरी आत पिशवीवर उभा छेद असू शकतो. सातव्या महिन्यात सीझर झालं असेल तर ही शंका जास्त घ्यावी लागते, कारण तेव्हा पिशवीचा खालचा भाग पुरता तयार झालेला नसतो. पिशवीच्या वरच्या भागात उभा छेद असेल, किंवा आडव्याला उभा जोडून उलट्या टीसारखा झाला असेल, तर ती फाटण्याचा धोका शंभरात ४ ते ९ पर्यंत जातो. कळा सुरू होण्याआधीही ती फाटू शकते. अशा बाईने नॉर्मलचा विचार सोडून द्यावा. तिचं सीझर सहसा ३६ ते ३७ आठवड्यांच्या दरम्यान ठरवून करतात.

डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशन नोट हे दोन वेगळे कागद आहेत. डिस्चार्ज कार्डावर बहुधा ‘एलएससीएस’ (पिशवीच्या खालच्या भागातलं सीझर) एवढंच असतं. ऑपरेशन नोटमध्ये पुढच्या गोष्टी सापडतात: छेद कुठे आणि कसा घेतला, तो बाजूला किंवा खाली चिरत गेला का, टाके एका थरात घातले की दोन, सीझरचं कारण काय, त्या वेळी पिशवीचं तोंड किती सेंटिमीटर उघडलं होतं, बाळाचं वजन किती. नंतर ताप किंवा पू झाला का, रक्त चढवावं लागलं का, हे केसपेपरवर असतं. त्यामुळे दोन्हींची प्रत हवी. कारणावर खूप अवलंबून आहे. बाळ पायाळू होतं म्हणून सीझर झालं असेल तर ते कारण या वेळी पुन्हा असेलच असं नाही. तोंड पूर्ण उघडूनही बाळ खाली सरकलंच नाही म्हणून झालं असेल तर या वेळी यशाची शक्यता कमी धरावी लागते.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे कागद एका राज्यात आणि बाळंतीण दुसऱ्या राज्यात. समजा, सासर कर्नाटकात, खानापूर तालुक्यात आणि माहेर महाराष्ट्रात, गडहिंग्लजकडे. पहिलं सीझर तिकडे, चार वर्षांपूर्वी. या वेळी सगळं बेळगावात. अडतिसाव्या आठवड्यात डॉक्टर म्हणतात, कागद आणा, मग बघू. भाऊ दवाखान्यात जातो. नाव सापडत नाही, कारण त्याने बहिणीचं सासरचं नाव सांगितलेलं असतं आणि नोंद माहेरच्या आडनावाने झालेली असते. दुसऱ्या फेरीला नोंद सापडते, पण जुन्या फायली कुठल्याशा गोदामात. इकडे एकोणचाळिसाव्या आठवड्यात रात्री दोनला कळा सुरू होतात. ड्यूटीवर दुसरे डॉक्टर. कागद नाही, छेदाची माहिती नाही, कारण माहीत नाही. ते सीझर करतात. कागद आठ दिवसांनी हाती येतो: खालचा आडवा छेद, बाळ पायाळू, बाकी काही गुंतागुंत नाही. नॉर्मलसाठी याहून चांगली स्थिती क्वचितच मिळते, आणि ती एका कागदासाठी हातची गेलेली असते. त्या रात्रीच्या डॉक्टरांना दोष देता येत नाही.

कागद मिळवायचा कसा? भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरांनी दाखल रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपायचे असतात, आणि रुग्णाने किंवा तिच्या अधिकृत माणसाने मागितले तर ७२ तासांत द्यायचे असतात. तीन वर्षं उलटली तरी मागावं, पुष्कळ ठिकाणी सापडतात. पण भरवसा ठेवू नये. म्हणून दिवस राहिल्याचं कळलं त्याच महिन्यात माणूस पाठवावा. त्याच्याकडे बाळंतिणीच्या सहीचं पत्र, तिच्या आधारची प्रत, बाळाची जन्मतारीख, जन्मदाखल्याची प्रत आणि तिची माहेरची व सासरची दोन्ही नावं लिहून द्यावीत. जुन्या बिलावर आयपी नंबर (दाखल रुग्णाचा क्रमांक) असेल तर काम पटकन होतं. कागद आला की त्याच्या तीन प्रती काढाव्यात. एक तायी कार्डात (कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारं सरकारी कार्ड), एक नवऱ्याच्या पिशवीत, एक घरी. मोबाईलवर फोटोही ठेवावा, पण बंद पडलेल्या मोबाईलचा रात्री दोनला काही उपयोग नाही.

कागद मिळालाच नाही तर दार बंद होतं असं नाही. पूर्ण दिवस भरल्यावर, एकच बाळ, नेहमीच्या कारणासाठी सीझर झालं असेल तर छेद बहुधा खालचा आडवाच असतो, आणि काही डॉक्टर त्यावर प्रयत्न करू देतात. पण हे बोलणं आधी व्हायला हवं, कळा आल्यावर नाही.

‘कळा वाढू देत, मग निघू’

ज्या बाईच्या पिशवीवर टाका नाही तिला घरी थोडं थांबा म्हणणं ठीक. मोबाईलवरच्या व्हिडिओत ‘शक्य तितका वेळ घरी राहा’ म्हणून सांगतात, ते मोठ्या शहरात हॉस्पिटलपासून दहा मिनिटांवर राहणारीला उद्देशून असतं. कणकुंबीच्या किंवा जांबोटीच्या आतल्या वाडीतल्या बाईने, त्यातही जून ते सप्टेंबरच्या पावसात, ते ऐकू नये. खानापूर ते बेळगावच पंचवीस-सव्वीस किलोमीटर आहे, आणि वाडीतून खानापूरला पोचायचं ते वेगळंच.

टाका उसवला तर वेळ मिनिटांत मोजावा लागतो. म्हणून नियमित कळा सुरू झाल्या की निघायचं. पाणी गेलं तर कळा नसल्या तरी निघायचं. लांबच्या गावातली असाल तर ३७-३८ आठवड्यांना बेळगावात एखाद्या नातलगाकडे येऊन राहा. घरातल्या मोठ्यांना हे नकोसं वाटतं, शेतीची कामं असतात, हे ठाऊक आहे. तरी यावं. निपाणीकडच्यांना कोल्हापूर जवळ आणि चंदगडकडच्यांना बेळगाव जवळ. राज्याची हद्द बघून दवाखाना ठरवू नका, रस्ता बघून ठरवा. रुग्णवाहिकेचा नंबर दोन्ही राज्यांत १०८ च आहे, पण गाडीवाल्या शेजाऱ्यालाही सांगून ठेवा.

दवाखाना निवडताना भिंतीचा रंग आणि खोलीचं भाडं बघतात. विचारायचं ते वेगळंच: रात्री दोनला इमर्जन्सी सीझर होईल का? भूलतज्ज्ञ इथेच असतात की बोलवावे लागतात, आणि बोलावले तर किती मिनिटांत येतात? रक्त याच इमारतीत मिळेल की माणूस धावत जाऊन आणणार? बाळाचे डॉक्टर आहेत का? यातल्या एकाही प्रश्नाला ‘बघू’ असं उत्तर आलं तर ती जागा या बाळंतपणासाठी नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात तर हा प्रयत्न करूच नये, तिथल्या नर्सताई कितीही ओळखीच्या असल्या तरी.

आणि सुई. वाटेत कुणाकडे तरी थांबून कळा वाढायची सुई मारून घेणं, हे अजूनही होतं. ऑक्सिटोसिन हे औषध आहे. मोठ्या हॉस्पिटलात ते सलाईनमधून थेंब मोजून, बाळाचे ठोके बघत देतात, आणि जुना टाका असेल तर तेही जपूनच. दंडात किंवा कमरेत एकदम मारलेली सुई कमी करता येत नाही, थांबवता येत नाही. पिशवी जोरात आवळली जाते आणि टाका तिथेच सुटू शकतो. ‘लवकर मोकळी होशील’ म्हणणाऱ्या माणसाला तिथेच हात जोडून नको म्हणावं. पिशवीचं तोंड उघडायला देतात ती मिसोप्रोस्टॉलची गोळी तर सीझर झालेल्या बाईला शेवटच्या महिन्यात या कामासाठी देऊच नये. कळा आणायचीच वेळ आली तर फोलीचा फुगा (नळीने पिशवीच्या तोंडात ठेवून फुगवतात तो) हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग. कळा आपोआप आल्या तर टाक्यासाठी सगळ्यात बरं. कळा आणवल्या तर टाका उसवण्याचा धोका दुप्पट-तिप्पट होतो. म्हणून तारीख जवळ आली की घाईने ‘ॲडमिट करून सुरू करा’ असा आग्रह धरू नका. ४१ आठवड्यांपर्यंत काय करायचं ते डॉक्टरांशी आधी ठरवून ठेवा.

एरंडेल, बाजेवरून उड्या, खडबडीत रस्त्यावरून मोटारसायकलवर फिरणं, हेही त्याच घाईचे प्रकार. नको.

कळा देताना नर्स पोटावर वरून दाबायला लागल्या तर सोबतच्या बाईने स्पष्ट सांगावं, आधी सीझर आहे, दाबू नका.

टाक्याची जाडी मोजत फिरणं

स्कॅनिंगमध्ये ‘टाका २.१ मिलिमीटर’ असं लिहून आलं की घर घाबरतं, आणि मग दुसऱ्या सेंटरला, तिसऱ्या सेंटरला पळापळ. प्रत्येक ठिकाणी आकडा वेगळा. अमुक मिलिमीटरच्या वर सुरक्षित आणि खाली धोका, अशी सर्वमान्य रेघ अजून ठरलेली नाही. या एका आकड्यावर निर्णय घेऊ नका. स्कॅनिंगमध्ये बघायला हवं ते वार (प्लॅसेंटा) कुठे आहे. वार खाली, जुन्या टाक्यावर असेल तर ती पिशवीत रुतण्याची भीती असते आणि तो मामला नॉर्मलच्या पलीकडचा, खूप मोठ्या तयारीचा. पाचव्या महिन्याच्या स्कॅनिंगमध्ये वार खाली दिसली तर ३२ आठवड्यांच्या सुमारास पुन्हा बघून घ्या.

बाळाच्या वजनाचा आकडाही दहा-पंधरा टक्क्यांनी चुकू शकतो. ४ किलोच्या वर अंदाज आला तर बोलायला हवं, पण ३.२ किलो आलं म्हणून रडायचं कारण नाही.

बाकीच्या चुका

अंतर. एका बाळंतपणापासून दुसऱ्यापर्यंत १८-१९ महिन्यांपेक्षा कमी वेळ गेला तर टाका उसवण्याचा धोका वाढतो. बाळ दोन वर्षांचं झाल्यावरच पुढचे दिवस राहू द्यावेत.

रक्त. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असताना नॉर्मल काय आणि सीझर काय, दोन्ही जोखमीचं. लोहाची लाल गोळी चहाबरोबर घेऊ नये, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नाही, मध्ये दोन तास जाऊ द्यावेत. गूळ-शेंगदाणे खावेत, पण गोळीऐवजी नव्हे.

तूप. नवव्या महिन्यात दुधात तूप घालून प्यायलं की बाळ सटकन येतं, असं सांगतात. ते तूप पोटात जातं, बाळाच्या वाटेवर जात नाही. वजन तेवढं वाढतं.

९ तारीख. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. आधी सीझर झालेली बाई जोखमीच्या यादीत येते, हे आशाताईंना पहिल्याच भेटीत सांगा.

माहेरी जाताना तायी कार्ड घरी ठेवणं. त्यावरचा कन्नड मजकूर पलीकडच्या दवाखान्यात वाचता येईलच असं नाही, म्हणून महत्त्वाच्या नोंदी एका कागदावर मराठीत किंवा इंग्रजीत लिहून सोबत द्या.

बाळाचे ठोके बघायला पोटावर बांधलेला पट्टा काढून टाकणं. पट्टा टोचतो, कूस बदलता येत नाही, हे खरं. पण टाका उसवायला लागल्याची पहिली खूण बहुतेक वेळा बाळाच्या ठोक्यांतच दिसते. कूस बदलायची असेल तर नर्सला पट्टा सरकवून मागा, उभं राहायचं असेल तर विचारा. आपल्या हाताने काढू नका. पाठीत भूल घेतली तर टाका उसवल्याचं कळणार नाही म्हणून ती नाकारायची, हीही समजूत चुकीची आहे.

सोबतच्या माणसाला खुणा माहीत नसणं. कळ ओसरल्यावरही पोट दुखतच राहणं, जुन्या टाक्याच्या जागी ठणका, खालून ताजं लाल रक्त, चांगल्या चाललेल्या कळा एकाएकी थांबणं, खांद्यात दुखणं, लघवीतून रक्त, चक्कर आणि धडधड. यातलं एकही दिसलं तर तिथल्या तिथे हाक मारायची, राऊंडची वाट बघायची नाही. हे आई, सासू, नवरा, जो कुणी सोबत असेल त्याला आधी वाचून दाखवा.

दुसऱ्या सीझरला नापास होणं समजणं. शंभरातल्या २० ते ४० जणींचा प्रयत्न सीझरवर येतो. तासन्‌तास कळा देऊन मग केलेलं सीझर ठरवून केलेल्यापेक्षा थोडं अवघडही असतं, म्हणून तोंड उघडायचं थांबलं किंवा ठोके बिघडले तर ‘अजून थोडं बघा’ असा हट्ट बाहेर उभ्या असलेल्यांनी धरू नये. सहीला वेळ लावू नये. नवऱ्याने त्या रात्री दवाखाना सोडून जेवायला घरी जाऊ नये, डबा तिथे मागवावा. बॅगेत दोन्हींची तयारी ठेवा: सैल गाऊन, जास्तीचे पॅड, बाळाचे कपडे, रक्तगटाचा कागद, आणि रक्त द्यायला येऊ शकतील अशा दोन माणसांचे फोन नंबर.

आणि नॉर्मल होवो की सीझर, घरी जायच्या आदल्या दिवशीच सगळ्या कागदांच्या प्रती मागून घ्या. सीझर झालं असेल तर ऑपरेशन नोटची प्रत हातात आल्याशिवाय गाडीत बसू नका.