टोमॅटोला फुलं येतात पण गळतात, फळ धरत नाही (सांगली, गच्चीवरच्या कुंड्या)

झाड हिरवंगार, फुलंही भरपूर, पण देठाच्या गाठीपाशी पिवळी पडून गळायची. मार्च संपत आला की सुरू. निंबोळी अर्क मारला, शेणखत वाढवलं, दोन वेळा पाणी दिलं, नुसती पानंच वाढली. जाम वैताग.

कीड नव्हतीच, उष्णता होती. दिवसा 35 अंशांच्या वर अन रात्री 24 च्या वर राहिलं की टोमॅटोचे परागकण कमजोर होतात, फूल गळतं. अन आपल्याकडे आता रात्रीही गार होत नाही, त्यात स्लॅब दिवसभर तापून रात्रभर वाफा सोडतो.

मग हे केलं, याच क्रमाने. आधी कुंड्या विटांवर उचलल्या, खालून हवा खेळली पाहिजे. काळ्या कुंड्यांना बाहेरून गोणपाट गुंडाळलं. मातीवर उसाचं पाचट 2 इंच अंथरलं (आपल्याकडे शेतात जाळतात ते, मागितलं तर कुणीही देईल), खोडापासून जरा लांब. मग 50 टक्क्यांची शेडनेट (निम्मं ऊन अडवणारी जाळी), झाडाला चिकटवून नाही तर डोक्यावर उंच, पश्चिमेला खाली उतरवून, बाकी बाजू मोकळ्या, नाहीतर आत भट्टी होते. पाणी फक्त पहाटे, बोट घालून माती कोरडी लागली तरच. अन सकाळी आठ-नऊला फुलांच्या घोसाला हलकी टिचकी, पराग झडायला.

आधीची फुलं गळालीच, नव्या घोसांत मात्र फळ धरलं. एप्रिल-मे मधे नवीन लावायचं असेल तर गवार नाहीतर भेंडी लावा, टोमॅटोची रोपं ऑक्टोबरात.