घरात कुत्रा-मांजर आहे आणि भाड्याचं ॲग्रीमेंट संपतंय? मग हे करा

अकरा महिने संपायला दोनेक महिने राहिले की मालकाला सरळ विचारा रिन्यू करणार का, आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी घ्या, कारण पुण्या-मुंबईत पेटवाल्यांना घर मिळता मिळत नाही. मुदत संपल्यावर तसंच राहू नका, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २४ प्रमाणे दुप्पट भाडं भरावं लागू शकतं.

"सोसायटीत कुत्रा चालत नाही" म्हणाले तर घाबरायचं नाही, ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या गाइडलाइन्सप्रमाणे सोसायटीला पेटबंदी करता येत नाही. मालकच नको म्हणाला तर मात्र वेगळं, तिथे गोडीगुलाबीनेच घ्यावं लागतं.

डिपॉझिट कापलं जातं ते बहुतेक दारांवरून, खालच्या कडेला नखांचे ओरखडे असतात ते सुताराकडून आधीच पॉलिश करून घ्या आणि मग सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ काढा. नव्या ॲग्रीमेंटमध्ये पेटचा उल्लेख टाकायलाच लावा, तोंडी "चालेल हो" वर अजिबात जाऊ नका. रेबीजच्या लसीचं कार्ड जवळ ठेवा.

आणि प्लीज, घर मिळेना म्हणून त्याला रस्त्यावर सोडू नका, थोडे दिवस नातेवाइकांकडे किंवा बोर्डिंगमध्ये ठेवा.