घरी बांधलेल्या राऊटरवर नेट रखडतंय? या चुका टाळा

प्लॅन ३०० एमबीपीएसचा आणि स्पीड टेस्टमध्ये ९४. हा आकडा दिसला की मी सेटिंग्ज उघडतच नाही, आधी केबल हातात घेतो. ९४च्या आसपास अडकणं म्हणजे वाटेत कुठली तरी जोडणी १०० वर चालली आहे. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, केबलमधल्या आठही तारा लागतात, शंभराला चार पुरतात. त्यामुळे एखादी तार निकामी झाली तरी बऱ्याचदा नेट बंद पडत नाही, मुकाट्याने १०० वर येतं. म्हणूनच कोणाला केबलची शंका येत नाही.

नाशिकला भाच्याने जुन्या डेस्कटॉपमध्ये दोन पोर्टचं नेटवर्क कार्ड बसवून ओपनडब्ल्यूआरटी ही राऊटरची सिस्टिम टाकली. स्पीड ९४. चार दिवसांत त्याने तीनदा सिस्टिम नव्याने टाकली, फायरवॉलचे नियम उडवले, एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) बदलला, नेटवाल्यांशी फोनवर भांडला. "मामा, कार्डच डुप्लिकेट आलंय." मी गेल्यावर आधी त्याला ईथटूल ही पोर्टचा वेग दाखवणारी कमांड चालवायला लावली. वॅनच्या, म्हणजे बाहेरून नेट येतं त्या पोर्टवर स्पीड १००. मग जॅक काढून उजेडात धरला. सात तारा टोकाला टेकलेल्या, तपकिरी मिलिमीटरभर मागे. घाईत क्रिम्प केलेला, म्हणजे तारांवर दाबून बसवलेला. जॅक कापून नवा मारला आणि लिंक १००० वर आली. पाच मिनिटांचं काम! नवशिक्यांची ही घाई मला खरंच बघवत नाही. आधी बघा, मग बदला.

वायफायवर स्पीड मोजून राऊटरला दोष देऊ नका. लॅपटॉपला केबल लावा.

आयपर्फ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रामचा सर्व्हर राऊटरवरच चालवणं ही दुसरी नेहमीची चूक. राऊटरचं काम पॅकेट पुढे ढकलायचं. तुम्ही त्याला पॅकेट तयार करायला किंवा गिळायला लावता आणि छोटा प्रोसेसर त्यातच दमतो. एक मशीन लॅनला, म्हणजे घरातल्या बाजूला, एक वॅनच्या बाजूला लावून मधून मोजा. गिगाबिटवर ९४० च्या आसपास आलं तर राऊटर ठीक आहे.

राऊटर म्हणून वापरलेल्या रास्पबेरी पाय ३बी प्लस या छोट्या कॉम्प्युटरवर गिगाबिट लिहिलेलं असलं तरी ते पोर्ट यूएसबी २ वरून जातं. ३०० च्या वर जात नाही.

प्लॅन वाढवला, पण एसक्यूएममधला, म्हणजे राऊटरच्या वेग आवरणाऱ्या सेटिंगमधला, जुना आकडा तसाच? तो बदला.

पीपीपीओई मात्र खरंच छळतं. आपल्याकडे अनेक फायबर जोडण्या याच पद्धतीने, युजरनेम-पासवर्डवर चालतात. पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्स या राऊटरच्या सिस्टिमवर आत येणारा हा सगळा डेटा प्रोसेसरच्या एकाच कोअरवर पडण्याची शक्यता असते. चार कोअरच्या मशीनवर डॅशबोर्ड २५ टक्के दाखवतो आणि माणूस म्हणतो, प्रोसेसर तर रिकामा आहे! मी टॉप ही प्रोसेसरचा भार दाखवणारी कमांड उघडून प्रत्येक कोअर वेगळा बघतो. एक १०० टक्क्यांवर टेकलेला असेल, तर दुखणं तिथेच. पीएफसेन्स २.८ मध्ये यासाठी नवा ड्रायव्हर आलाय, तो सुरू करून बघा. नाहीतर कमी कोअरचा पण वेगवान प्रोसेसर घ्या. इंटरनेटवरून उचललेल्या वीस ट्युनिंगच्या ओळी एकदम चिकटवू नका. मी एका वेळी एकच ओळ बदलतो, आधीचा आणि नंतरचा आकडा वहीत लिहितो आणि फरक पडला नाही तर ती ओळ लगेच काढून टाकतो.