पिवळं फूल ओळखायचंय? मग आधी खालून बघा

गणपती झाले की साताऱ्याहून यवतेश्वर घाट चढून कास पठाराकडे जाताना जिकडेतिकडे पिवळंच दिसतं आणि गाडीतलं प्रत्येक जण सोनकी सोनकी करत सुटतं, पण त्यात तसंच दिसणारं कारळंही असतं, आणि मीसुद्धा दोन वर्षं कारळ्याचे फोटो सोनकी म्हणूनच पाठवत होते.

आधी कुळ नक्की करा. सूर्यफुलाच्या कुळात आपण ज्याला एक फूल म्हणतो तो बारक्या फुलांचा गुच्छ असतो, मधला प्रत्येक ठिपका एक फूल आणि कडेची प्रत्येक पाकळी हेही एक फूलच. कासवरचा कवला, ज्याला मिकी माऊस म्हणतात तो, पिवळा असला तरी वाटाण्याच्या कुळातला, तो इथेच बाजूला काढा.

आता खरं काम. पाकळ्या मोजत बसू नका, फूल खालून बघा. तोडायचं नाही हं, कासवर तर मनाईच आहे, फोन फुलाखाली धरून सेल्फी कॅमेऱ्याने फोटो घ्यायचा. सोनकीला खाली अरुंद हिरवी पानं एका ओळीत, सारख्या उंचीची, कुंपणासारखी दाटीने उभी दिसतात. कारळ्याला बाहेरून पाच रुंद पानं, अगदी छोट्या पानांसारखीच पसरलेली. एकदा हे बघितलं की परत चूक होत नाही!

तरी शंका असेल तर खोडाकडे बघा, सोनकीची पानं एकाआड एक, कारळ्याची समोरासमोर, पण कारळ्याची शेंड्याकडची कधी कधी एकाआड एक येतात म्हणून खालची बघायची. फुलं सरल्यावर तर अजून सोपं, सोनकीची पांढरी म्हातारी होऊन उडते, कारळ्याला केस नसतात, चटणीत असतं तेच काळं चकचकीत बी.

याच कुळातली बाकीची पिवळी फुलंही ओळखून ठेवा. पाथरीला मधले ठिपके नसतातच, सगळ्या पाकळ्याच, आणि पान तोडलं की पांढरा चीक येतो. एकदांडीला लांब दांडीवर एकच फिकट फूल, पाकळ्या चार-पाच, टोकाला तीन दाते. रस्त्याकडेला हल्ली केशरी-पिवळा कॉसमॉस फार झालाय, त्याची पानं झेंडूसारखी चिरलेली, तो बागेतून बाहेर पडलेला आहे, इथला नाही.

कुणाला ओळखायला फोटो पाठवणार असाल तर तीन पाठवा, वरून, खालून आणि खोडासकट पानं. नुसत्या वरच्या फोटोवरून मी आता नाव सांगतच नाही.