अलिबागला दोन दिवस: आधी तिथी बघा, मग हॉटेल

आमच्या घरी सुट्टी ठरली की नवरा हॉटेलं शोधतो, मी भिंतीवरचं कॅलेंडर काढते. अलिबागसमोर समुद्रात असलेल्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर ओहोटी हवी, आणि ती तिथीवरून कळते.

हिशेब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण बरोबर तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी, नऊ वाजता ओहोटी. सकाळी जायला तृतीया ते पंचमी उत्तम. अष्टमीच्या आसपास भांग (कमजोर भरती-ओहोटी) असते, पाणी फारसं हटत नाही. किनाऱ्यावर एकदा विचारून घ्याच.

ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि पाणी वळायच्या आत परत या. पहिल्या वेळी आम्ही गणपतीच्या देवळात रेंगाळलो, आणि सासूबाईंना नऊवारी सावरत घोडागाडीत चढवताना आमची त्रेधा उडाली. (त्या अजून तो किस्सा सांगतात, दरवेळी पाणी थोडं वाढलेलं असतं.) मुलांना आतली गोड्या पाण्याची विहीर दाखवा, चहूबाजूंनी खारं पाणी असताना हे कसं, यावर अर्धा तास जातो.

मुंबईहून जाताना गाडी न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळच्या मांडव्याला रो-रो (गाड्या नेणारी बोट), नाहीतर गेटवेवरून लाँच. चपला रबरी घाला. उन्हाळ्यात गेलात तर पांढऱ्या कांद्याची माळ घ्या, पण डिकीत कोंबू नका.