कोकणात घराच्या बाहेरच्या भिंतीला काय लावताय? या चुका टाळा

वीसेक वर्षं रत्नागिरीच्या बाजूला घरं बांधतोय आणि दर एप्रिल-मेमध्ये तेच होतं, कोणीतरी व्हॉट्सॲपवर पुण्यातल्या बंगल्याचा फोटो पाठवतो आणि म्हणतो असंच एलिव्हेशन करून द्या. फोटो छानच असतो हो, पण पुण्यात वर्षाला ७००-८०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि आमच्याकडे ३००० च्या वर, तोही वाऱ्याबरोबर आडवा येतो. पश्चिमेची भिंत चार महिने झड, म्हणजे वाऱ्याने आडवा येणारा पाऊस, खाते. म्हणून आधी कुठली भिंत झड खाते ते बघा, मटेरियल मग ठरवा. जुनी माणसं त्या बाजूला पडवी काढायची, पावसाळ्यात झाप बांधायची, ते काय हौस म्हणून नव्हतं.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते क्लॅडिंग टाइल, म्हणजे भिंत बाहेरून मढवायची टाइल, जुन्या रंगावरच चिकटवलेली बघून. गुहागरजवळ एका घरी मला जुलैत बोलावलं, काम दुसऱ्याचं होतं. वास्तुशांतीची तारीख ठरलेली म्हणून मे महिन्यात आठ दिवसांत अख्खी पश्चिमेची भिंत दगडी टाइलने मढवलेली. रात्री दोन टाइल सुटून खाली तुळशीच्या कट्ट्यावर पडल्या, नशीब तेव्हा तिथे कोणी नव्हतं. मी एक टाइल उचलून उलटी केली तर पाठीला चार कोपऱ्यांत आणि मध्ये एक असे लाडवाएवढे सिमेंटचे गोळे, बाकी सगळं पोकळ, आणि त्या गोळ्यांवर भिंतीचा पिवळा रंग पापुद्र्यासकट निघून आलेला. म्हणजे टाइल भिंतीला चिकटलीच नव्हती, रंगाला चिकटली होती! शेजारची काढली तर मागून पाणी ओघळलं. मालक म्हणाले रंग खरवडायला चार दिवस जास्त लागणार होते म्हणून राहू दिलं. त्या चार दिवसांपायी पूर्ण भिंत उतरवावी लागली.

मी रंग आणि पुट्टी पूर्ण काढतो, प्लास्टरला छन्नीने खाचे मारतो, ॲढेसिव्ह दात्यांच्या थापीने पूर्ण पाठीला लावतो आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक टाइलवर लाकडी मूठ ठोकून बघतो. डबडब आवाज आला की ती काढायची, उद्यावर ढकलायची नाही. जड दगड उंचावर न्यायचा असेल तर नुसत्या ॲढेसिव्हवर विसंबू नका, दगड भिंतीला धरून ठेवणारे क्लॅम्प लावा, आणि समुद्र जवळ असेल तर ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टीलच घ्या, साधे स्क्रू गंजून भिंतीवर तांबडे ओघळ येतात.

दुसरी चूक जांभ्याची. जांभ्याचा चिरा, म्हणजे घडीव दगड, उघडा ठेवायचा म्हणतात आणि चमक यावी म्हणून वर जाड पॉलिश मारतात. जांभा सच्छिद्र दगड, तो पाणी घेणार आणि उन्हात सोडणार. वरून बंद केलात की ओल आत अडकते, वर्षा-दोन वर्षांत पॉलिश पांढरं पडून सालं निघतात. चिऱ्यांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, नीट भरून घ्या आणि लावायचंच तर दगडात मुरणारं, थर न धरणारं सिलेन-सिलोक्सेन सीलर लावा. आणि खाणीतून आज आलेला चिरा उद्या लावू नका, तो हवेवर कडक होतो, त्याला वेळ द्या.

बाकीच्या पटकन सांगतो. पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) किंवा आतली पुट्टी बाहेर लावू नका. बीम आणि भिंतीच्या सांध्यावर जाळी मारल्याशिवाय प्लास्टर नको, तडा तिथेच जातो. छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडायची खाच ठेवा, नाहीतर ते उलटं फिरून भिंतीवर येतं.

झडीच्या भिंतीला काय लावू असं विचारलंत तर माझं उत्तर एकच, दोन थरांत केलेलं २० मिलिमीटर सँडफेस (वाळूचा खरखरीत पृष्ठभाग असलेलं) प्लास्टर आणि वर चांगला एक्स्टिरियर रंग. टाइलची हौस पोर्चमध्ये छपराखाली भागवा. प्लास्टरला किमान सात दिवस पाणी मारा आणि रंगाआधी महिनाभर थांबा. मी तर रंगाच्या आदल्या संध्याकाळी भिंतीवर हातभर प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवून ठेवतो, सकाळी त्याच्या आत दव दिसलं तर पेंटरला परत पाठवतो, मालक कितीही घाई करू दे.