स्कॉटलंडची बिअर मागवताय? या चुका टाळा

दरवर्षी पावसाळा सरला की मला तीन-चार फोन येतात. माणूस नुकताच एडिनबरा-ग्लासगो फिरून आलेला असतो, तिथल्या पबमधली एखादी बिअर जिभेवर रेंगाळत असते आणि तीच मुंबई-पुण्यात विकायची असते. मी आधी एवढंच विचारतो, ती हातपंपानं पिंपातून ओढून दिली होती की बाटलीतून? बहुतेकांचं उत्तर 'पंपानं' असतं. मग तो विषय तिथेच सोडा. ती कास्क एल, म्हणजे पिंपातली बिअर (एल हा बिअरचाच एक प्रकार). पिंपातच मुरते आणि पिंप उघडलं की तीन-चार दिवसांत तिचा जीव जातो. त्याच नावाच्या बाटलीतली बिअर बहुधा गाळलेली, वरून वायू भरलेली असते. चव वेगळीच लागते.

दुसरी चूक मी स्वतः केलीय. 2018 साली एका छोट्या ब्रुअरीची पेल एल, म्हणजे फिकट रंगाची एल, मागवली होती. हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा, वास असा, की बाटली उघडताच संत्र्याची साल सोलल्यासारखं वाटायचं. पुरवठादार म्हणाला, इंडिया पेल एल हिंदुस्थानच्या प्रवासासाठीच बनायची, तिला काय होतंय! मी विश्वास ठेवला आणि पैसे वाचवायला थंड न ठेवणारा साधा कंटेनर घेतला. एप्रिलअखेर माल न्हावा शेवाला लागला, कागदपत्रांत एक त्रुटी निघाली आणि पेट्या एकोणीस दिवस पत्र्याखाली तापत राहिल्या. सुटल्यावर पहिली बाटली उघडली. संत्रं कुठेच नव्हतं. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येत होता. दोन बारनी पेट्या परत पाठवल्या, उरलेला माल मी विकलाच नाही.

जुनी इंडिया पेल एल महिनोन्‌महिने पिंपात मुरवलेली असायची. आजची हॉप्सवाली बिअर ताजीच प्यायची असते. नावावर जाऊ नका. शिवाय 2023 अखेरपासून तांबड्या समुद्रातला धोका टाळायला बरीच जहाजं आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली. त्यात दहा दिवस ते दोन आठवडे जास्त जातात.

तेव्हापासून मी नमुन्याच्या सहा बाटल्या घेतो. तीन फ्रिजमध्ये, तीन माळ्यावरच्या उकाड्यात, सहा आठवडे. माळ्यावरची प्यावीशी वाटली तरच पुढचं बोलणं. नवी मंडळी म्हणतात, एवढा वेळ कुणाला आहे? एवढा वेळ नसेल तर आयातीत पडू नका, उगाच चांगल्या ब्रुअरीचं नाव खराब होतं.

माळ्यावर तगतात त्या गडद, जड माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) बिअर. ट्रक्वेअर हाउस एल घ्या: 7.2 टक्के अल्कोहोल, आंबवणं ओकच्या पिंपात. दक्षिण स्कॉटलंडच्या बॉर्डर्स भागातल्या ट्रक्वेअर हाउस या वाड्यातली जुनी भट्टी 1965 साली पुन्हा सुरू झाली. मला वैयक्तिकरीत्या याहून प्रिय स्कॉटिश बिअर नाही.

'हेवी' या शब्दानं बरेच फसतात. आपलं गिऱ्हाईक स्ट्राँग मागतं, म्हणून यादीत 'हेवी' दिसलं की ऑर्डर जाते. स्कॉटलंडात हेवी म्हणजे 70 शिलिंग, जेमतेम साडेतीन-चार टक्के. कडक असते ती 'वी हेवी'. शिलिंगचा आकडा मुळात पिंपाच्या जुन्या भावाचा आहे, टक्के वेगळे विचारा. उलट टोकाला ऑर्कनी बेटांवरची स्कल स्प्लिटर, 8.5 टक्के. आपल्या अन्नसुरक्षा मानकांत बिअर 8 टक्क्यांवर थांबते, तेव्हा तिचा मोह नको.

पारदर्शक बाटली नको. दुकानातल्या ट्यूबलाइटनंही हॉप्स बिघडून वास मारतो; तपकिरी बाटली किंवा कॅन घ्या.

आपल्याकडे बिअर पिणारे शाकाहारी पुष्कळ. काही ब्रुअरी बिअर नितळ करायला माशाच्या वाताशयापासून काढलेलं आयसिंग्लास वापरतात. ब्रुअरीला लेखी विचारा आणि गिऱ्हाइकाला खरं ते सांगा.

मुदतीबाबत नियम असा: कस्टममधून सुटताना साठ टक्के आयुष्य किंवा मुदत संपायला तीन महिने, यांतलं जे कमी तेवढं शिल्लक हवं. तीन महिन्यांत नवा ब्रँड खपत नाही. मी सहा महिन्यांखाली घेतच नाही.

आणि पहिल्याच खेपेला आठ प्रकार कशाला? राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे प्रत्येक लेबलची नोंदणी वेगळी, फी वेगळी. दोन आणा, दोन्ही गडद आणा, आणि कंटेनर मार्चच्या आत बंदरात लागेल असं बघा.